लाल ठिपका, नग एक

कृष्णाकाठ विद्यापीठाच्या नव्या प्रयोगशाळेतल्या भिंतींनी उद्घाटनाच्याच दिवशी कुलगुरूंना जिन्यापर्यंत नेऊन सोडलं, तरीही समारंभ छान झाला असंच सगळ्यांचं मत पडलं.

कुलगुरू बोलायला उभे राहिले आणि अठ्ठावीस मिनिटं बोलत राहिले. विषय होता 'संवाद'. भिंतींच्या हिशेबी खोलीत साठ माणसं आणि बोलतोय एकटा, म्हणजे सहकार्य शून्य. त्यांनी लगेच उपाय सुरू केला. एक भिंत कुलगुरू आणि श्रोते यांच्या मधून हळूच सरकत आली आणि दुसरी कुलगुरूंना पाठीमागून अदबीनं ढकलत राहिली. आभारप्रदर्शनाच्या वेळी ते माईकसकट दुसऱ्या पायरीवर होते आणि इकडे श्रोत्यांमध्ये मस्त गप्पा रंगल्या होत्या.

हे सगळं महादेव खिलारे पेढ्यांचं तबक धरून बघत होते. विभागात त्यांना कुणी महादेव म्हणत नसे, खिलारेही म्हणत नसे. ते मामा. तीस वर्षं ते रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्त झाल्यावर विद्यापीठानं त्यांना कंत्राटावर परत घेतलं, पदाचं नाव ठेवलं 'सहकार्य सहायक'. काम तेच होतं, फडकं नवीन मिळालं.

जुना विभाग आतून पाडून त्याचा चार हजार चौरस फुटांचा एकच हॉल केला होता. त्यात अकरा भिंती, आतून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ. फरशीखाली लोहचुंबकांचे रूळ होते. भिंत बोटाच्या पेराएवढी वर तरंगायची आणि हवी तिकडे सरकायची. पाणी, गॅस, वीज छतातून लोंबणाऱ्या नळ्यांतून येई, त्यामुळं टेबलंही भिंतींमागोमाग जात. फरशी पावलं ओळखायची. छतातले कान शब्द ऐकत नसत. कोण बोललं, त्यानंतर कोण बोललं आणि मधे किती वेळ गेला, एवढंच ते मोजत. माणसं मनापासून बोलत असली की एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो. नुसतं सौजन्य असेल तर पाऊण सेकंद. त्यावरून शून्य ते शंभर असा 'सहकार्य निर्देशांक' निघे. तो घसरला की भिंती मांडणी बदलून बघत, चढला की तीच मांडणी लक्षात ठेवत. भांडण आणि सहकार्य यांतला फरक मात्र यंत्राला कळत नसे. विभागातल्या ज्येष्ठांना तो कधी कळला होता असंही नाही.

पण कुठून तरी सुरुवात करायला भिंतींना जुना अनुभव हवा होता. भिंती सांभाळणारी अभियंता स्पृहा लोंढे, वय सव्वीस, विद्यापीठाकडे माहिती मागायला गेली: आजवर इथं कोण कुणाबरोबर काम करत होतं? विद्यापीठानं हजेरीच्या नोंदी दिल्या. त्यातून कोण किती उशिरा येतं एवढंच कळलं.

"माझ्याकडं वह्या हायत," मामा म्हणाले.

वह्या तीस होत्या. वर्षाला एक.

*

जुन्या विभागात चांगला काटा एकच होता. चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा, काचेच्या पेटीतला. तो ठेवला होता बारा बाय चौदाच्या एका खोलीत, काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर. ओटा आणि भिंत यांच्यामधे अडीच फुटांची फट. आत जाणारा आडवा होऊन जायचा आणि बाहेर येणारा त्याच्या अंगावर. खोलीला स्पिरिटचा वास होता, त्यात भाजक्या शेंगांचा वास मिसळलेला, कारण मामा सिलिका जेल वाळवायच्या भट्टीत खालच्या कप्प्यात शेंगा भाजत. गुलाबी पडलेलं जेल निळं झालं की शेंगाही झालेल्या असत. एवढं बिनचूक प्रमाण विभागात दुसऱ्या कुठल्याच प्रयोगाला साधलं नव्हतं. चहाच्या चंचुपात्रावर मामांनी रंगानं 'फक्त चहा' असं लिहिलं होतं, आणि दुसऱ्या एकावर 'चहा नाही', ते जास्त महत्त्वाचं होतं.

काट्याला हात फक्त मामांनी लावायचा हा नियम. वजन करायचं म्हणजे आधी पंखा बंद. मग काटा सपाट बसलाय की नाही ते बघायचं: मागं काचेत एक बुडबुडा असे, तो वर्तुळाच्या मधोमध हवा. नसला तर पायाचे स्क्रू केसाकेसानं फिरवायचे. मग मामा म्हणायचे, "बसला." तोवर रांगेतल्यांनी उभं राहायचं. कोण आलं, किती वाजता, मागं कोण थांबलंय, सगळं वहीत.

त्या रांगेत माणसं बोलायची. दुसरं करणार काय?

नूतनीकरणात प्रत्येकाला स्वतःचा काटा मिळाला. तो स्वतःच सपाट बसे, स्वतःच वजन सांगे आणि शेवटी आभारही मानी. जुना काटा निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदीतून बाद होऊन, भांडारात गेला.

*

भिंतींनी वह्या वाचल्या आणि कामाला लागल्या. पहिल्या आठवड्यात सगळ्या खोल्या थोड्या लहान झाल्या. दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुख डॉ. मृदुला शेटे यांची केबिन झेरॉक्स यंत्राला चिकटली. तिसऱ्या सोमवारी लोक कामावर आले तेव्हा अकराच्या अकरा भिंती हॉलच्या वायव्य कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. तिथं त्यांनी बारा बाय चौदाची एक खोली केली होती. आत एक ओटा. ओटा आणि भिंत यांच्यामधे अडीच फुटांची फट. बाकी साडेतीन हजारांहून जास्त चौरस फूट मोकळे. दोन संशोधक विद्यार्थ्यांनी तिथं बॅडमिंटन खेळून पाहिलं. निर्देशांक चारानं वाढला.

मामा त्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. नव्या रंगाचा वास होता, शेंगांचा नव्हता. पण खिडकीतून येणारी उन्हाची पट्टी ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर पडली होती. त्यांचा हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे गेला. तिथं बटण नव्हतं.

"मामा, हे काय केलं यांनी?" स्पृहानं विचारलं. "इतके कोटी घालून लवचीक लॅब बांधली आणि हिनं जगातल्या सगळ्या आकारांतून हा निवडला?"

"चांगला आकार हाय तो," मामा म्हणाले, आणि कडप्पा नसलेला ओटा पुसू लागले.

त्याच संध्याकाळी भिंतींचा साप्ताहिक अहवाल आला. शेवटची ओळ अशी होती: 'वह्यांमध्ये ज्या दिवशी लाल ठिपका आहे त्या दिवशी सहकार्य तिप्पट. लाल ठिपका कृपया उपलब्ध करून द्यावा.'

लाल ठिपका म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं प्रकरण खरेदी विभागाकडे गेलं. त्यांनी रीतसर निविदा काढली: 'लाल ठिपका, नग १, हमीसह.' इचलकरंजीच्या एका पुरवठादारानं दोन आकारांत देऊ केला.

मामांना माहीत होतं. त्यांनी फडकं पिळलं आणि घरी गेले.

*

गोष्ट मामांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची. एकदा काट्याचा बुडबुडा खरंच सरकला होता आणि तो मधे आणायला मामांना दहा मिनिटं लागली. तेवढ्यात रांगेतल्या दोघांनी, जे एरवी एकमेकांना ओळखतही नव्हते, सहा महिने अडलेलं एक कोडं भिंतीवर पेन्सिलीनं सोडवलं. मामांनी ते पाहिलं. भिंत त्यांनाच पुसायला लागली.

मग मामांनी प्रयोग सुरू केला. अधूनमधून, रांगेत बरी माणसं जमली की, ते काट्याच्या मागच्या पायाखाली चार वेळा घडी घातलेला कागद हळूच सारत. बुडबुडा कडेला जाई. "सरकलाय," मामा म्हणत, "थांबा दहा मिंटं." दहा मिनिटं ते नुसते स्क्रूवर बोट ठेवून ऐकत बसत, मग कागद काढून घेत आणि म्हणत, "बसला." कागद घातला की वहीत लाल ठिपका. काढला की ठिपक्याभोवती गोल. ज्या दिवशी कागद नाही त्या दिवशी ठिपका नाही, म्हणजे तुलना करता येते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त ठिपके पडले ते दोघांच्या नावांपुढं. मृदुला शेटे आणि इलियास मणेर. दोघं एकाच वर्षी संशोधनाला लागले, पुढं दोघंही इथंच प्राध्यापक झाले. हवेतून पाणी ओढून घेणारी मातीची वीट हा त्यांचा विषय. तो विषय सुद्धा त्या फटीतच जन्मला, ती आत जात होती आणि तो बाहेर येत होता तेव्हा. ती बोलताना त्याचं वाक्य तोडायची, तो तिचं. मामा शेंगा सोलत ऐकायचे. कळायचं त्यांतलं निम्मं. तेवढं पुरायचं.

आणि मग अकरा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. मामांनी कागद घातला, ठिपका टाकला, तेवढ्यात भट्टीतून धूर आला. शेंगा करपल्या होत्या. धावपळ करून ते परत आले, हात पुसले आणि सवयीनं म्हणाले, "बसला." मृदुलानं विटांच्या तुकड्यांच्या बंद बरण्यांची वजनं केली.

काटा अंशाच्या पाचव्या हिश्श्यानं कलला असला तर दोनशे ग्रॅमला एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम कमी दाखवतो. तेवढाच फरक इलियासच्या सोमवारच्या वजनांत आणि तिच्या गुरुवारच्या वजनांत निघाला. याच विटांवरचा निबंध आधीच छापून आलेला होता, पडताळणीत आकडे न जुळल्यानं तो मागं घ्यावा लागला. ती म्हणाली, तुझा हात ओला होता. तो म्हणाला, तुझं लक्ष नव्हतं. मग दोघं आणखी पुष्कळ बोलले, बोळात उभं राहून, सगळ्या विभागासमोर. काटा चुकला असेल हे दोघांच्या डोक्यात आलं नाही, कारण काटा मामांचा होता.

मामांना कागद शनिवारी झाडताना सापडला.

त्यांनी तो काढला. बोलले नाहीत. सोमवारी सांगू म्हणाले स्वतःला. अकरा वर्षांत असे सोमवार बरेच आले. त्या ठिपक्याभोवती गोल काढायला मात्र त्यांचा हात कधी धजला नाही.

तेव्हापासून दोघं एकाच बोळात बसून एकमेकांना पत्रं लिहीत: 'डॉ. मणेर यांस, माहितीसाठी सविनय सादर.' आता डॉ. मणेर विद्यापीठ सोडून गुवाहाटीला निघाले होते. महिनाअखेरीस. तिकीट काढलेलं होतं.

*

पुढच्या सोमवारी स्पृहा मामांना शोधत भट्टीपाशी आली. नव्या लॅबमधे भट्टी होती, पण शेंगा ठेवल्या की ती विचारायची, 'नमुना ओळखता आला नाही, पुढे जायचे का?'

"मामा, एक विचारू? वह्यांत चारशे बारा लाल ठिपके आहेत. चारशे अकरांना गोल आहे. एकाला नाही. भिंतींचं म्हणणं, एक प्रयोग अपुरा राहिलाय."

मामांनी शेंगा चाळवल्या.

"आणि दुसरं. त्या म्हणतात, या इमारतीत सहकार्यावर नीट प्रयोग एकाच माणसानं केलाय."

"भिंती काय काय म्हणतात."

"मामा."

"काय ओ?"

"शुक्रवारी कुलगुरू तुमचा सत्कार करणारेत. मानपत्र मीच टाइप केलंय. 'तीस वर्षांत ज्यांच्या काट्यावर एकही वजन चुकले नाही.' हे वाक्य ठेवू ना?"

मामांना ती हसत असेल असं वाटलं होतं. ती हसत नव्हती. शाल, नारळ, कुलगुरू जिन्यावरून बोलतायत, आणि पुढं बसलेले शेटेमॅडम आणि मणेरसर टाळ्या वाजवतायत, दोन टोकांच्या खुर्च्यांवरून. एवढं सगळं मामांना एकदम दिसलं. काटा म्हणजे मामा, अशी तीस वर्षांची अब्रू. ती सोडली तर त्यांच्याकडं एक फडकं उरत होतं, तेही विद्यापीठाचं.

"मणेरसर कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"मला भांडारातून काटा काढून देता?"

"तो निर्लेखित आहे, मामा. कागदोपत्री तो नाहीच आहे."

"मग चोरी बी होत न्हाय," मामा म्हणाले.

*

गुरुवारी दुपारी मामांनी दोघांना वेगवेगळा निरोप धाडला. मॅडमना सांगितलं, मणेरसर सामान नेतायत, यादीवर सही हवी. सरांना सांगितलं, मॅडमना यादीवर सही हवी. दोघंही सहीचं पेन घेऊन बरोबर तीनला आले. फटीत समोरासमोर गाठ पडली. दोघांनीही एकमेकांना आधी वाट दिली, मग दोघंही आत शिरायला गेले आणि अडकले.

"या आपण," मॅडम म्हणाल्या.

"नाही, आपणच."

पाऊण सेकंद, पाऊण सेकंद. दारावरच्या चौकटीत निर्देशांक अकरा दिसत होता.

ओट्यावर काचेच्या पेटीतला जुना काटा बघून दोघंही सही विसरले. मामांनी दाराशी पंखा म्हणून आणलेला टेबलफॅन बंद केला. तो बंद करण्यासाठीच आणला होता.

"मामा, हा कुठून आला?" मॅडमनी विचारलं.

"बसा. न्हाय, उभं राहा. बसायला जागा कुठं होती तेव्हा?" मामांनी दोनशे ग्रॅमचं पितळी वजन चिमट्यानं उचलून आत ठेवलं. "वाचा, मणेरसर."

"दोनशे पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य."

मामांनी वजन काढलं. खिशातून कागद काढला, पिवळा पडलेला, घड्यांवर झिजलेला. चार वेळा दुमडला, काट्याच्या मागच्या पायाखाली सारला. पुन्हा वजन ठेवलं.

"आता तुम्ही वाचा, ताई."

अकरा वर्षं ते त्यांना मॅडम म्हणत होते. ती जुनी हाक कानावर पडली तशी मृदुलानं वाकून बघितलं.

"एकशे नव्व्याण्णव पूर्णांक..." ती थांबली. "नऊ नऊ आठ आठ."

छतातल्या कानांनी नऊ सेकंद मोजले. एका भिंतीनं काळजीनं थोडं पुढं सरकून पाहिलं.

"एक पूर्णांक दोन," इलियास म्हणाला.

"त्या गुरुवारी मी काढायचा विसरलो," मामा म्हणाले. "शेंगा करपल्या होत्या. शनिवारी सापडला. ताईंचं लक्ष होतं. तुमचा हातही कोरडा होता, सर. माझंच तोंड बंद राहिलं."

"अकरा वर्षं, मामा?" इलियासचा आवाज चढला.

"होय."

"आम्ही तुमच्या समोर..."

"तुमच्या समोर भांडलो आम्ही!" मृदुला म्हणाली. "बोळात! तुम्ही मधे बादली घेऊन उभे होता! आणि कागद घातलातच का मुळात?"

"तुम्ही बोलायचा म्हणून."

"काय?"

"काटा लगेच बसला असता तर तुम्ही वजन करून गेला असता. दहा मिंटं थांबलात की बोलायचा. मला ऐकायला बरं वाटायचं." मामा फडक्याची घडी घालत होते, घालून झाली की मोडत होते. "उद्या सत्कार रद्द करा. पत्र मी लिहून आणलंय."

"सत्कार गेला खड्ड्यात," इलियास म्हणाला, "ती वजनं, मृदुला, सोमवारची..."

"सोमवारची बरोबर होती."

"गुरुवारची पण, एक पूर्णांक दोन मिळवले की..."

"प्रत्येक बरणीला सारखेच मिळवायचे नाहीत, बरणीच्या वजनाच्या प्रमाणात, तुला तेव्हाही..."

"प्रमाणातच म्हणतोय मी, ऐकून घेशील तर!"

"म्हणजे वीट पाणी ओढत होती! आपण म्हटलं होतं तेवढंच ओढत होती!"

"आणि आपण निबंध मागं घेतला."

"तू घेतलास."

"तू पत्र लिहिलंस! 'सविनय सादर'!"

दारावरचा आकडा साठ, ऐंशी, शंभर असा चढला आणि तिथंच थांबला, कारण त्यापुढची तरतूद कुणी केलीच नव्हती. बाहेर बॅडमिंटन थांबलं. अकराही भिंती होत्या तिथं निश्चल उभ्या राहिल्या.

"दुरुस्ती पाठवायची," मृदुला म्हणाली. "उद्याच. तिसरं नाव मामांचं."

"निबंधात?"

"चुकीत. चूक: म. खिलारे, घडी केलेल्या कागदाद्वारे."

"आणि मानपत्र?"

"तेही दुरुस्त करायचं. 'एकच वजन चुकले.' कुलगुरू वाचणार कुठं? ते जिन्यात असतील." ती मामांकडे वळली. तिचे डोळे लाल होते आणि राग गेलेला नव्हता. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, मामा. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, ताई."

"शेंगा आहेत का?"

होत्या. मामांनी पुडी ओट्यावर ठेवली, काट्यापासून लांब.

"गुवाहाटीला काटे कसे आहेत?" तिनं इलियासला विचारलं, टरफलाकडे बघत.

"प्रत्येकाला एक."

"मग संपलंच."

त्यानं एक शेंग फोडली. तिकीट रविवारचं होतं आणि ते खिशात होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

मामांनी ओट्याखालून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. गुरुवारचं पान उघडलं. एकट्या पडलेल्या ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. गोल जरा कोंबडीच्या अंड्यासारखा झाला. मग वही मिटून त्यांनी काट्याच्या मागच्या पायाकडे हात नेला, कागद ओढून घ्यायला.

इलियासनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, मामा," तो म्हणाला. "अजून बसला नाही."

मामांनी हात मागं घेतला. त्याच वहीचं शेवटचं कोरं पान उघडून आजची तारीख घातली, दोघांची नावं लिहिली, वेळ लिहिली आणि पुढं एक लाल ठिपका टाकला.